आधी नळी, मग प्रसाद

तुमची लाळ कोणाच्या मालकीची, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या दिवशी एक बाई मोफत डीएनए तपासणीचं शिबिर घेऊन आली. खाल्ल्यावर अर्धा तास लाळ घेता येत नाही, म्हणून तिने लाळेच्या नळ्यांचं टेबल प्रसादाच्या रांगेच्या तोंडाशीच मांडलं. "आधी नळी, मग शिरा," ती हसून सांगायची. चार पानांचं संमतीपत्र ती अशी घडी घालून पुढे करायची की फक्त सहीची जागा दिसावी.

आईने पेन उचललं आणि सहज विचारलं, "तू दिलीस ना गं तुझी?"

"नाही हो काकू. मी कागद वाचलाय ना!"

सगळे हसले, तीही हसली. मी घडी उलगडली. शेवटच्या पानावर होतं: नमुन्यातली माहिती कंपनी कोणालाही विकू शकते, ती परत मागता येणार नाही. आईच्या लाळेत अर्धी मीही होते. मी ते आईला हळूच वाचून दाखवलं. आईने पेन ठेवलं. मागच्या काकांनी ते लगेच उचललं.

संशोधनाशी माझं वैर नाही. या घडीशी आहे. तुमच्यापुढे असा कागद आला, तर शेवटचं पान रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचा.