शाक्रोचा तिसरा आवाज

शाक्रोच्या मते जगात दोनच माणसांना गाता येतं. दुसरा इलो, आणि तोही शाक्रोच्या शेजारी बसला असेल तरच. द्राक्षमळ्यांच्या काखेती प्रांतातल्या आमच्या गावात शाक्रोने तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. ट्रॅक्टरच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे लग्नातलं त्याचं गाणं पलीकडच्या गावालाही फुकट ऐकू जाई. मी इथलाच शाळामास्तर. मला गाता येत नाही, हे त्यानेच मला चारचौघांत सांगितलं आणि माझा पुष्कळ वेळ वाचवला.

आमचं गाणं तिघांचं. शाक्रोचा वरचा आवाज, इलोचा मधला, आणि खाली तेदो एकच सूर धरून बसायचा. "त्यात काय, बैलसुद्धा धरेल," असं शाक्रो त्याच्या तोंडावर म्हणे. गेल्या हिवाळ्यात तेदो वारला, तेव्हा कळलं की गावात तसा बैल उरलेला नाही. तरुण सगळे पोलंडात कामाला. वर्षश्राद्धाच्या जेवणाला तेदोचं आवडतं गाणं म्हणू, असा शब्द शाक्रोने तेदोच्या बायकोला, नुत्साला, देऊन ठेवला होता. तिसरा आवाज कुठून आणणार, ते तिने विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही.

उरला मार्टेन. हा हॉलंडचा माणूस आमचं गाणं शिकायला इथे येऊन राहिलेला, आणि शाक्रो त्याला सहा महिने फाटकातूनच परत पाठवत होता. आता स्वतःच त्याच्या दारी गेला. "उद्या ये, आम्हाला बानी दे," एवढंच बोलला आणि उपकार केल्यासारखा परतला.

आमच्याकडे खालच्या सुराला बानी म्हणतात, आणि धाब्याच्या छपरालाही. मार्टेनने शब्दकोश उघडला. सकाळी शिडी, हातोडा आणि चार पत्रे घेऊन हजर! शाक्रोने त्याच्याकडून गोठ्याचं छप्पर नीट करून घेतलं.

"अरे, सांग ना त्याला," मी म्हणालो.

"मास्तर, मनापासून आलाय बिचारा. मन कशाला मोडायचं?"

छप्पर झाल्यावर तालीम सुरू झाली. मार्टेन फोनमधल्या यंत्रावर बघून सूर लावी. एकदा म्हणाला, "शाक्रोकाका, तुमचा सूर थोडा चढतोय."

इलोने पेला खाली ठेवला. असं सहसा घडत नाही.

"हे यंत्र कुठलं?" शाक्रोने विचारलं.

"जपानचं."

"मग त्याला काय कळणार? घाल खिशात."

जेवणाच्या दिवशी मंडपात दीडशे माणसं होती. मटणभात झाला, तेदोच्या नावाने पावावर वाईन शिंपडली आणि शाक्रो उठला. त्याचा मार्टेनवर विश्वास नव्हता, आणि खरं तर त्या दिवशी स्वतःवरही नव्हता.

मार्टेनने डोळे मिटून सूर धरला. तो तसूभर हलला नाही. गाणं संपलं. शाक्रो थांबला, इलो थांबला. मार्टेनचे डोळे मिटलेले, सूर चालूच.

"अरे बाबा, संपलं!" शाक्रो कुजबुजला, म्हणजे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "सोड आता, तेदो उठून बसेल!"

नुत्साला हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदाच. काळा रुमाल तोंडाला लावून ती म्हणाली, "राहू द्या, भावजी. तेदोलाही तुम्ही कधी पुरतं म्हणू दिलं नाहीत."

शाक्रो मार्टेनच्या शेजारी बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने खालचा सूर लावला.

त्याला तो फार वेळ धरता आला नाही.