महान्यायवादींना पाठवलेलं पत्र

मी तीस वर्षं डोंबिवलीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी एक गोष्ट अर्धवट शिकवली. फळ्यावर लिहायचो, महान्यायवादी म्हणजे देशाचा सर्वोच्च वकील. पोरं उतरवून घ्यायची, परीक्षेत एका मार्काला यायचं, सगळे खूश. देशाचा म्हणजे नेमका कोणाचा, हे एकाही पोराने विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. विचारलं ते माझ्या काकाने, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्याला मी जे उत्तर दिलं, त्यापायी अकरा घरं गेली.

ती घरं ठाण्याला खाडीकडेला, मिठागराच्या बांधावर होती. त्यातल्या एकात मी जन्मलो. आमचे आजे-पणजे तिथे मीठ पिकवायचे. मीठ कधीच बंद झालं, पण घरं राहिली. मी नोकरी लागल्यावर डोंबिवलीला ब्लॉक घेतला आणि सुटलो. काका सुटला नाही. 'मी इथंच मरनार, नी तुमी सगल्यांनी माज्या मयताला यायचं,' असं तो हसत सांगायचा, आणि काकी त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

मग जमीन मोजायला माणसं आली. तीन पायांवर यंत्र उभं करून दिवसभर डोळा लावून बसायची, कोणाशी बोलायची नाहीत. जाताना प्रत्येक दारावर लाल रंगाने आकडा टाकून गेली. काकीने आपल्या दारावरचा आकडा रॉकेलने घासून काढला. आठवड्याने बघतो तर तोच आकडा पुन्हा तिथेच, आणि रंगवायला आलेलं माणूस कोणी पाहिलेलं नाही. 

जमीन केंद्र सरकारची, त्यांना तिथे काहीतरी मोठं बांधायचं होतं. खटला खालून वर, वरून आणखी वर करत दिल्लीच्या सगळ्यात वरच्या कोर्टात गेला. एवढी वर्षं चालून शेवटी मुद्दा एकच उरला. आमची माणसं त्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या सलग राहत होती का? सलग असेल तर घरं वाचणार. मध्ये खंड पडला असेल तर नाही. ठाण्यातल्या आमच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्रात ठणकावून लिहिलं होतं, सलग.

आणि ते खोटं होतं. मी लहान असताना एका मोठ्या उधाणात बांध फुटला, खाडी घरात आली. दोन वर्षं बांधावर कोणी राहू शकलं नाही. आम्ही विठ्ठलवाडीला मावशीकडे होतो, काकाचं बिऱ्हाड खडवलीला त्याच्या सासुरवाडीत. नंतर सगळ्यांनी मिळून बांध घातला आणि परत आलो. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वकिलांना मात्र कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

काकाला ते खोटं खुपत होतं. ते का, हे कळायला आमच्या गावाची एक जुनी रीत सांगायला हवी. गावकीत भांडण आलं की दोन्ही बाजूंचं मिळून एकच माणूस बोलायचा. त्याला बोलणारा म्हणायचे. गावकी बसायच्या आधी दोघांनीही त्याच्या घरी जाऊन सगळं सांगायचं, आपली चूक आधी. मग तो दोघांचं खरं सगळ्यांपुढे मांडणार. बोलणाऱ्यापासून काही लपवलं आणि ते नंतर उघड झालं, तर त्या घराशी लोक सोयरीक करत नसत. काका स्वतः पंधरा-वीस वर्षं बोलणारा होता. त्याच्या ओटीवर लोक येऊन रडलेले मी पाहिलेत.

तर एक दिवस वकिलांचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाले, "गुरुजी, प्रकरण जड आहे. सरकारकडून महान्यायवादी स्वतः उभे राहतायत." मी बांधावर जाऊन सांगितलं. सगळ्यांची तोंडं उतरली. एक काका तेवढा ताठ बसला.

"मास्तर, हा कोन?"

झालं. मास्तरला विचारलं की मास्तर थांबतो होय! मी सुरू झालो. म्हटलं, मूळ गोष्ट इंग्लंडातली. कोर्ट राजाचं, मग राजा आपल्याच कोर्टात वादी म्हणून कसा उभा राहणार? म्हणून तो आपल्या वतीने एक वकील धाडायचा. पुढे कंपनी सरकारने असेच मोठे वकील कलकत्त्याला, मद्रासला, मुंबईला नेमले. मग आपलं राज्य आलं, घटना आली, शहात्तराव्या कलमात हे पद आलं. राष्ट्रपती नेमतात. न्यायाधीश व्हायची लायकी असलेला माणूस लागतो. देशातल्या कुठल्याही कोर्टात तो उभा राहू शकतो. संसदेतसुद्धा जाऊन बोलू शकतो, फक्त मत देऊ शकत नाही.

"बोलतो, पन मत देत नाय?" काकाचे डोळे चमकले. "म्हंजे आपल्या बोलनाऱ्यासारखा! बोलनाऱ्याला पन गावकीत मत नसतं. मंग तो वकील कोनाचा?"

"देशाचा," मी म्हटलं.

"नी देशान आपुन येतो कं नाय?"

"येतो की! न येऊन सांगतो कोणाला?"

मी हे मोठ्या तोऱ्यात बोललो. बायका हसल्या, एकीने चहा टाकला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझी तर अख्खी गोठण रिकामी व्हायची होती.

काकाने ठरवलं, बोलणाऱ्याला सगळं सांगायचं. दिल्ली लांब, म्हणून पत्राने. त्याने सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. आमची माणसं, मीठ, उधाण, फुटलेला बांध, विठ्ठलवाडी, खडवली, दोन वर्षं, परत येणं, नवा बांध. खाली त्याने लिहायला लावलं: आमच्या वकिलांच्या कागदात सलग लिहिलंय, ते बरोबर नाही, पण जागा आमचीच आहे, आपण दोन्हीकडचं बघून बोलावं. अकरा घरांच्या अकरा सह्या, त्यातले चार अंगठे. ठाण्याच्या पोस्टातून मी ते रजिस्टर केलं. वकिलांना विचारायचं माझ्या मनात आलेलं, नाही असं नाही. पण म्हटलं ते चिडतील, कशाला उगाच! पोचपावती परत आली तेव्हा काकाने ती दोन्ही हातांनी घेतली.

त्यानंतर एका दुपारी घरी बसलेलो असताना मी सहज जुनं पाठ्यपुस्तक काढलं. शहात्तरावं कलम. त्यात एक ओळ होती जी मी शिकवताना नेहमी गाळायचो, कारण ती परीक्षेत येत नसे. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. आणि त्याच्याही वर, ठळक, त्याचं पहिलं कर्तव्य: भारत सरकारला कायद्याचा सल्ला देणं. सरकारला. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. राजाचा वकील राजाचाच राहिला होता, फक्त राजाचं नाव बदललं होतं, आणि हे मला इंग्लंडची गोष्ट सांगतानासुद्धा कळू नये? मूर्खा, मी स्वतःला म्हटलं, समोरच्या पार्टीच्या वकिलाला तू आपल्या हाताने कबुली लिहून दिलीस! फोन हातात घेतला. वकिलांचा नंबर काढला. मग वाटलं, एवढा मोठा माणूस, रोज शेकडो कागद येत असतील, आमचं कोण वाचतंय. फोन ठेवून दिला.

सुनावणीच्या दिवशी वकिलांनी बघायला लिंक पाठवली. काकाच्या घरी टीव्हीला मोबाईल जोडला. अकराही घरं आत कोंबून बसलेली, दाराबाहेर खाडीपलीकडच्या क्रेन बीप बीप करत वळत होत्या. सगळी बोलणी इंग्रजीत. महान्यायवादी उठले. शांत आवाज, हळू बोलणं, कुठे आरडाओरडा नाही. मला उगाचच बरं वाटलं. मग ते म्हणाले की माझ्याजवळ एक पत्र आहे, आणि त्यांनी काकाचं नाव घेतलं.

खोलीत एकच कल्ला झाला. "नाव घेतलं रे! काका, तुझं नाव!" पोरींनी टाळ्या वाजवल्या. काकीने पदर तोंडाला लावला. काका उठून उभाच राहिला, टीव्हीसमोर हात जोडून.

ते पत्र वाचत होते. माझं इंग्रजी, माझी वाक्यं. उधाण, बांध, दोन वर्षं. ते एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. उलट म्हणाले, ही प्रामाणिक माणसं आहेत, यांनी न्यायालयापासून सत्य लपवलेलं नाही, आणि आम्ही या सत्यावरच विसंबतो. सरकारी बाजूच्या वकिलाच्या हाती असा कागद आला तर तो कोर्टात ठेवणं हेच त्यांचं काम. त्यांनी ते नीट केलं. त्यांचा मला राग नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. आमचे वकील पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होते. ते कागद चाळत होते, पुढचं पान, मागचं पान, पुढचं पान.

"काय बोल्ला रं, मास्तर?" काकाने विचारलं.

वीस-पंचवीस तोंडं माझ्याकडे वळली. इंग्रजी कळणारा तिथे मी एकटा.

"तुम्ही खरं बोललात, असं म्हणाले," मी म्हटलं. यात काही खोटं नव्हतं. पुढचं मी बोललो नाही. जिभेवर आलेलं गिळलं. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि काकाचा तो चेहरा मला मोडवला नाही. नंतर सांगू, म्हटलं.

निकाल राखून ठेवलेला होता. ते काही आठवडे मी रोज ठरवायचो की आज सांगायचंच. एका रविवारी गेलो तर काका छपराची कौलं उतरवत होता. आता घर राहणार, तर पावसाआधी छप्पर नीट करून घेऊ म्हणाला. नवी कौलं टेम्पोतून आलेली. शेजारची दोन घरंही रंग काढायला लागलेली. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि काका वर चढला तेव्हा खालून शिडी धरून उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत. काकीने मला जेवायला थांबवलं. तेव्हाही बोललो नाही.

निकाल लागला. नोटीस मराठीत आली, म्हणून ती वाचायला कोणाला माझी गरज पडली नाही. मी पोचलो तेव्हा काका ओट्यावर बसून बोट ठेवत एकेक शब्द वाचत होता. रहिवाशांनी महान्यायवादी यांस पाठवलेल्या पत्रात स्वतः मान्य केल्याप्रमाणे सदर ठिकाणी वास्तव्यात खंड पडलेला असल्याने. तिथे त्याचं बोट थांबलं. 

"मास्तर, हे त्या दिवशी टीवीवर बोल्ला?"

"हो."

"तुला समजलेलं?"

"हो, काका."

त्याने नोटिशीची घडी घातली. माझ्यावर ओरडेल, शिव्या देईल, असं वाटलेलं. द्यायला हव्या होत्या. त्याने फक्त वर छपराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मंग शिडी कशाला धरलीस?"