चेटकिणीचं पाठांतर

थळजवळच्या आमच्या गावच्या शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. ते उघडलं की आतल्या डांबरगोळ्यांचा आणि बाहेर वाळत घातलेल्या सुकटीचा वास एकत्र यायचा. तो वास आजही आठवला की जीव कासावीस होतो. परीकथा मी हावरटासारख्या वाचायचे आणि पुस्तक मिटताना चिडायचे. लहानपणी माझा एक डोळा नाकाकडे बघायचा, आणि पुस्तकातली चेटकीण हमखास तिरळी. परी गोरीपान, नाकीडोळी नीटस. बेडूकसुद्धा आतून राजपुत्र निघायचा. चेटकीण मात्र आतबाहेर चेटकीणच.

पाचवीत संमेलनाला परीराज्याचं नाटक बसलं. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. चेटकीण मिळाली. परी झाली माझ्या बाकावरची मैत्रीण. तिच्या अब्बांनी दुबईहून पाठवलेला चमचमता फ्रॉक तिच्याकडे होता, मग आणखी काय हवं?

मला भीती नाटकाची नव्हती, नावाची होती. आमच्याकडे निम्म्या गावाचं आडनाव एकच, त्यामुळे माणूस टोपणनावाने ओळखला जायचा. एकदा चिकटलं की जन्माचं. एकाने लहानपणी चुलीतला बटाटा पळवला, तो आजोबा झाला तरी बटाट्या, आणि त्याची सून बटाट्याची सून. आपण म्हातारपणापर्यंत चेटकीण राहणार, या विचाराने मला जेवण जाईना. हे मी फक्त मैत्रिणीला सांगितलं होतं.

चेटकिणीला हसण्यापलीकडे काम नव्हतं. तालमींना बसून बसून मला सगळ्यांचीच वाक्यं पाठ झाली.

संमेलनाला अख्खा गाव लोटला. कोळीवाड्यातल्या बायका मासळी आटपून पुढची जागा अडवून बसल्या होत्या. त्यांना बघून परीची बोबडी वळली. पहिलं वाक्य मी तिला हळूच सांगितलं, मग दुसरं, मग सगळीच. शेवटी तिने कांडी फिरवून मला दगड करायचं होतं. "दुष्टे, तू दगड हो," हेही मीच कुजबुजले. तिने कांडी खाली केली.

विंगेतून बाई म्हणाल्या, "अगं, कर ना तिला दगड."

"न्हाय करत," परी माइकवर म्हणाली. "हिला कशी दगड करू, बाई? हीच तर मना सगलं सांगते हाय."

मंडप हसून लोळला. बाईंनी कपाळाला हात लावून पडदा पाडला. मी चेटकिणीच्या पोशाखात रडत होते. इतकं चांगलं माझ्याबद्दल तोवर कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून मी बाजारातून गेले. चेटकीण म्हणून कुणी हाक मारली नाही. गावाने नाव ठेवलं होतं, पण तिला. "ए दगड, शालेत चाललीस काय?" ती खुशाल ओ देत होती. वाईट नाही का वाटत, असं मी विचारलं.

"कुनाला तरी लागनारच व्हतं एक," ती म्हणाली.

आता ती कुवेतला असते. तिथे नवऱ्याला, सुनांना कुणालाच हे नाव ठाऊक नाही. मला मात्र ईदच्या दिवशी फोन येतो. कोण बोलतंय, असं मी मुद्दाम विचारते.

"दगड," ती म्हणते.