डोळ्यांत औषध घालून निवडलेली पुस्तकं

माझी लेक दीड वर्षाची झाली तेव्हा मी तिच्यासाठी एकदम अकरा पुस्तकं मागवली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या पोरीला पुस्तकांची गोडी आपोआप लागणार अशी माझी समजूत होती. अक्षरं, अंक, फळं, भाज्या, गाड्या. प्रत्येकातून ती काहीतरी शिकेल हे पाहूनच निवडली होती. एकेका पानावर वीस-वीस फळं आणि खाली त्यांची नावं. शाळेतून आल्यावर मी तिला मांडीवर घ्यायची आणि विचारायची, "सांग, सफरचंद कुठे आहे?" ती पान ओढायची, कोपरा चावायची आणि उतरून निघून जायची. आठवड्याभरात अननस अर्धा तिच्या पोटात गेला.

समोरच्या खाटेवरून माझे सासरे हे सगळं बघत असायचे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, नवरा आम्ही राहतो त्या वडशातल्याच एका राइस मिलमध्ये कामाला. मी शाळेत असले की लेक दिवसभर मामाजींजवळ. मामाजी पेंटर. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भागात गावोगाव होणाऱ्या नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांची उमर गेली. महाल, जंगल, पोलीस ठाणं, गरिबाची झोपडी. पुढे फ्लेक्सवर छापलेले पडदे आले आणि त्यांचं काम बंद पडलं.

एक दिवस ते म्हणाले, "बाई, एक बोलू का?"

"बोला ना मामाजी."

"या पानावर गर्दी लय हाय. पोट्टीनं पाहावं कुठी?"

खरं सांगते, मला राग आला. जेमतेम चौथी शिकलेल्या माणसाने मला पुस्तकातलं सांगावं! "ते शिकण्यासाठी असतं," एवढंच मी म्हटलं. ते पोरीला घेऊन कोंबड्या दाखवायला अंगणात गेले.

त्याच महिन्यात त्यांचे डोळे दाखवायला चंद्रपूरला जायचं ठरलं. मिलचा हंगाम होता, नवऱ्याला सुट्टी मिळेना, म्हणून मी रजा टाकली. लेकीला ठेवायला घरी कोणी नाही, तीही निघाली. सकाळच्या गाडीने नागभीड, मूल ही स्टेशनं करत आम्ही पोचलो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तपासलं. मोतीबिंदू पिकला आहे, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करू, म्हणाले. परतीच्या गाडीला अजून तीन तास होते. वाटेत पुस्तकांचं दुकान दिसलं तशी मी आत वळले. या वेळी आणखी चांगली, आणखी शिकवणारी पुस्तकं घ्यायची, हा माझा विचार.

मामाजींना मी स्टुलावर बसवलं. थेंबांमुळे त्यांना सगळं धुक्यातलं दिसत होतं. मी पुस्तकं काढत होते, मागची माहिती वाचत होते, ठेवत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाई, त्यातले चार-पाच तिकडं भिंतीले उभे कर बरं. उघडे."

"कशाला मामाजी? तुम्हाला तर आत्ता काही दिसत नाही."

"म्हनूनच त म्हनतो. मले निस्ते रंग दिसून राह्यले. याच्यातही जे समजते, ते लेकराले समजन."

मी पुस्तकं जमिनीवर मांडायला लागले तसे दुकानदार पुढे आले. "ताई, खाली नका ठेवू, मळतात."

"भाऊ, पेपर हाय का एखादा?" मामाजींनी विचारलं. दुकानदारांनी कुरकुरतच जुना पेपर अंथरला आणि मग गंमत बघत तिथेच उभे राहिले.

पहिल्या पुस्तकात परी, राजवाडा, ढग आणि इंद्रधनुष्य होतं. मामाजींनी डोळे बारीक केले. "खिचडी."

दुसऱ्यात प्राण्यांची अख्खी शाळा भरलेली. "चिवडा."

दुकानदार हसले आणि आतून आणखी पुस्तकं घेऊन आले. त्यांतल्या एकापाशी मामाजी थांबले. मान इकडे केली, तिकडे केली. "भैस हाय. पान्यात बसली. पाठीवर पांढरं... बगळा हाय का?"

बगळाच होता. पानावर तेवढंच होतं, म्हैस, पाणी आणि बगळा. मी काही बोलणार एवढ्यात माझा पदर सोडून लेक चालत गेली, त्या पुस्तकासमोर फतकल मारून बसली आणि म्हशीच्या पाठीवर तिने आपला पंजा ठेवला. "भै," ती म्हणाली.

"म्हैस. म्हण, म्हैस," मी लगेच सुरू झाले.

"असू दे ना बाई," मामाजी म्हणाले. "भैस म्हनलं तरी दूध तेच देते."

दुकानदार मोठ्याने हसले. मलाही हसू आलं.

त्या दिवशी आम्ही चार पुस्तकं घेतली. म्हशीचं. एक कोंबडी घरभर फिरते आणि शब्द एकही नाही, असं एक. आभाळात एकटा पतंग असलेलं एक. चौथं माझ्या हट्टाचं, यमक जुळवलेल्या ओळींचं. "तुह्यावालं बी घे एक," मामाजी म्हणाले. ते पुस्तकही लेकीला पुढे आवडलं, हेही सांगायला हवं. त्यातल्या ओळींवर ती नाचायची.

मामाजी पुस्तक वाचत नसत, दाखवत असत. "ही इथी काऊन बसली असन?" असं विचारून गप्प राहायचे. पोरगी बघत राहायची. तिने पान उलटल्याशिवाय ते उलटत नसत. कधीकधी एकाच पानावर चहा थंड व्हायचा. दारात उभी राहून बघता बघता मीही विचारणं सोडलं आणि बघणं शिकले.

ऑपरेशन झालं. काळा चष्मा लागला, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. मांडीवर बसायला मिळेना म्हणून लेक दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी मी कणीक भिजवत होते, तर आतून आवाज आला. ती खाटेशी उभी होती, पुस्तक उलटं धरून. "भैस. पानी. बगा." मामाजी डोळे मिटून ऐकत होते. "मंग?" ते म्हणाले. "बगा गेला." "कुठी गेला?" तिने बराच विचार केला. "मामाकडे," ती म्हणाली. तिने मनाने जोडलेली ती पहिली गोष्ट. पुस्तकात तसं काही नव्हतं. पिठाच्या हातांनी मी तिथेच उभी राहिले. या म्हाताऱ्या माणसावर मी चिडले होते, आणि आता त्यांचे उपकार कसे मानावेत ते कळत नव्हतं. आमच्याकडे सासऱ्यांचे आभार कोणी तोंडाने मानत नाही. मी त्या दिवशी त्यांच्या आवडीचे वडे केले.

काळा चष्मा निघाला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी ते म्हशीचं पुस्तक मागितलं. जवळ धरून खूप वेळ पाहिलं. "अरे! ही त निळी हाय. मी काळी समजून राह्यलो होतो." मग विचारलं, "काढलं कोनं हे?"

मागच्या पानावर बारीक अक्षरांत नाव होतं, मी वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. "पेंटरचं नाव छापते?"

"हो मामाजी. छापतात."

ते अंगठा त्या नावावरून फिरवत राहिले. नवऱ्याने मला नंतर सांगितलं, की पडद्यावर नाटक मंडळाचं नाव हातभर अक्षरांत असायचं आणि तेही मामाजीच रंगवायचे, पण त्यांचं स्वतःचं नाव कुठेच नसायचं.

तेव्हापासून आमच्या घरी पुस्तक उघडलं की आधी चित्रं काढणाऱ्याचं नाव वाचायचं, मग चित्रं. लेक आता तीन वर्षांची आहे. नवं पुस्तक हातात आलं की तीच विचारते, "कोनं काढलं?" परवा एका पुस्तकावर मी पुढून-मागून शोधलं, नाव सापडलं नाही. तिचं तोंड उतरलं.

"कोनीतरी काढलंच असन ना," मामाजी म्हणाले. "त्याले राम राम."

लेकीने पुस्तकाला दोन्ही हात जोडले. मग माझ्याकडे बघितलं, तर मीही जोडले.