अध्यक्षांच्या नावाची चावी

इरावती परुळेकरचं काम ऐकून कांजूरमार्गच्या तिच्या बिल्डिंगमधल्या बायका हसायच्या. मोठ्या लोकांची शाळा घेते म्हणे ही! खोटं नव्हतं ते. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातली नोकरी सोडून ती पतपेढ्यांच्या संचालकांना, ट्रस्टींना, कधी सरकारी साहेबलोकांना सायबर सुरक्षा शिकवायची. आणि विद्यार्थी तरी कसले! फोन वाजला की अर्ध्यातून उठणार आणि शेवटी म्हणणार, मॅडम, हे सगळं आमच्या कॉम्प्युटरवाल्याला शिकवा ना. ती दर वेळी सांगायची, की तो कुलूप लावेल, पण चाव्या कुणाकडे ठेवायच्या ते तुम्हीच ठरवणार ना? सगळ्यांच्या माना डोलायच्या आणि मंडळी जेवायला जायची.

मुलुंडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मात्र ती बिचकतच गेली. तिचा नवरा निलेश तिथेच तळमजल्यावर घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचा शेक घेत होता. रोज जायचं, जाळीचा मुखवटा तोंडावर घट्ट बसवून मशीनखाली निजायचं आणि खंड पडू द्यायचा नाही. मधे सुटलं तर गाठ परत वाढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसरीकडे कुठे नंबर लागत नव्हता. इथे लागला तो अध्यक्ष धोंडूअण्णा मयेकरांच्या एका शब्दाने.

धोंडूअण्णा माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोला. गिरणी बंद पडल्यावर गाववाल्यांना गोळा करून, दारोदार हिंडून त्यांनी हे हॉस्पिटल उभं केलं होतं. त्यामुळे तिथे त्यांचा मान मोठा. ते आले की सगळे उभे राहायचे, सलाइन लावलेला पेशंटसुद्धा उठायला बघायचा. आणि ह्या मानापायीच घोडं अडलं होतं. नवी कॉम्प्युटर यंत्रणा आली तेव्हा ट्रस्टींनी ठराव केला, की अध्यक्षांची परवानगी सगळ्यांच्या वर हवी. म्हणजे पेशंटचे रिपोर्ट, शेकाचे प्लॅन, वर त्या सगळ्याची राखीव प्रत, काहीही उघडायची नि पुसायची मुभा अण्णांच्या नावावर. अण्णा त्या यंत्रणेत कधी शिरतही नसत. पण अध्यक्षांना अर्धी चावी कशी द्यायची?

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हर्षदने वर्गाआधी इरावतीला बाजूला घेतलं. अण्णांच्या नावाने चोर आत शिरला तर अख्ख्या हॉस्पिटलची वाट लागेल, म्हणाला. मी बोललो तर मला हाकलतील, तुम्ही बाहेरच्या, तुम्हीच बोला. ती बोलते म्हणाली. आज एवढी एकच गोष्ट मंजूर करून घ्यायची, बाकीचं शिकवणं गेलं उडत, असं तिने मनाशी ठरवलं.

वर्ग कसला, सोहळाच तो. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, नारळ झाले, एकेका ट्रस्टीचं मनोगत झालं. इरावतीला माइक मिळाला तेव्हा बाजूच्या खोलीत ताटं मांडायला घेतली होती. तिने सरळ मुद्द्याला हात घातला. अण्णांची ती परवानगी काढून टाका, त्यांना नुसतं वाचता आलं तरी पुष्कळ, म्हणाली. मग एका केटरिंगवाल्या ट्रस्टींनी विचारलं, की आपण कुणाबद्दल बोलतोय याचं भान आहे ना मॅडमना? अण्णा रागावले नाहीत. त्यांना लागलं.

"चावी असली म्हणान मी उघडतंय थोडीच?" ते हळूच म्हणाले. "विश्वास नाय माझ्यार?"

इथेच तिने नेट लावायला हवा होता. चोराला तुमची नियत लागत नाही, तुमचं नाव पुरतं, हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर होतं. पण खाली निलेश मशीनखाली निजला होता. ह्या माणसाचं मन दुखावलं आणि उद्या नंबर मागे सरकला तर? तिचं अवसान गळालं. ती हसली आणि म्हणाली, घाई नाही, पुढच्या सभेत बघू. टाळ्या पडल्या. असा संताप येतो ना तिचा! पण तिच्या जागी आपण असतो, तर आपणही हसलोच असतो.

पुढची सभा व्हायच्या आतच अण्णांना ईमेल आला. समाजसेवेचा मोठा पुरस्कार मिळतोय, ओळख पटवायला हॉस्पिटलच्या यंत्रणेतलं तुमचं नाव आणि पासवर्ड टाका. आयुष्यभर सत्कार घेतलेल्या माणसाला ह्यात वावगं काय दिसणार? अण्णांनी चष्मा लावून, डायरीत लिहून ठेवलेला पासवर्ड बघून स्वतः सगळं भरलं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा एकही कॉम्प्युटर उघडेना. पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. राखीव प्रतही पुसलेली, कारण अण्णांच्या नावाने तीही पुसता येत होती.

शेकाचं मशीन धडधाकट होतं. पण कुणाला कुठून, किती शेक द्यायचा ते सगळं अडकलेलं. इरावती निलेशला घेऊन घाटकोपरला गेली, अंधेरीला गेली, बोरिवलीला गेली. सगळीकडे रांगा, आणि सगळीकडे एकच प्रश्न, आधीचा प्लॅन कुठाय? जगाला शहाणपण शिकवत हिंडले आणि घरच्यालाच खड्ड्यात घातलं, असं म्हणून ती बाथरूमचा नळ सोडून रडायची. निलेशला आता पाणीसुद्धा गिळवेना.

दीड महिन्याने हॉस्पिटल परत सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी त्याचा घसा तपासला आणि तिला आत बोलावलं. गाठ पसरली होती. आता शेक देऊन उपयोग नाही, दुखणं कमी करू, एवढंच. सलग मिळाला असता तर काय झालं असतं, असं तिने विचारलं. डॉक्टर खाली बघत म्हणाले, "गाठ विरत होती."

बाहेर खुर्चीवर निलेश बसला होता. तेवढ्यात धोंडूअण्णा आले, पार खंगलेले. इरावतीला बघून त्यांनी हात जोडले. ती परवानगी सोडली म्हणाले. परत शिकवायला या, शाल नको, जेवण नको, सगळे शेवटपर्यंत बसतील. मग त्यांनी विचारलं.

"तेव्हाच खडसावून कित्याक नाय सांगितलास, बाय?"

"घाबरले. ह्याचा नंबर तुम्ही लावून दिला होता."

तिने बोट दाखवलं तसा निलेश भिंतीचा आधार घेत कसाबसा उभा राहिला. अध्यक्ष समोर उभे आणि आपण बसलेलो, हे त्याला कसं चालणार? त्याने हाताने खुर्ची पुढे केली. आणि धोंडूअण्णा सवयीने बसले.

इरावतीने निलेशचा दंड धरला.

"साहेब, उठा," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला बसू द्या."