बोटाला लागलेला आकडा

आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो, तो शाळेतल्या कुलकर्णी सरांमुळे.

दोहात मी एका कतारी शौकिनाच्या जुन्या शिकारी रायफलींची वर्णनं लिहितो आणि त्या अस्सल आहेत का, ते लिहून सही करतो. या रायफली मोजक्याच बनल्या. हाताने मागे ओढायच्या बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर एकच असेल, तरच त्या अस्सल मानतात. देखभाल करणारे चाचा रत्नागिरीचे. रायफल आली की ते आधी हुंगतात, मग डोळे मिटून नंबरावरून अंगठा फिरवतात. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधलाच पितात.

"पदवीवाले, कागद वाचू नको," ते मला म्हणाले होते. "जुना आकडा बोटाला लागत नाय. लागला, तर समज नवा खोदलाय."

गेल्या आठवड्यात एका रायफलीचा बोल्ट साफ करायला ते अल मुंतझा भागातल्या आपल्या खोलीवर घेऊन गेले. आधी त्यावरचा नंबर टिपून ठेवायचं मला सुचलं नाही, त्यामुळे तो नळीशी जुळत होता की नाही, ते मला माहीत नव्हतं. बोल्ट परत आला तेव्हा नंबर जुळत होते. पण आकडा अंगठ्याला खरखरीत लागला.

"चाचा, हा लागतोय."

त्यांनी अंगठा फिरवलाच नाही. थर्मासचं झाकण घट्ट करत म्हणाले, "तुझी कातडी मऊ रे. यल्ला, चल, अस्सल लिही. खलास."

मी सरांना पत्र पाठवलं: "सर, न तपासता सही करू नये हे तुम्ही शिकवलंत, आणि तपासायचं कसं ते चाचांनी. आज त्यांच्याच कामापुढे मी 'खात्री नाही' लिहून सही केली. उद्या मालक वाचतील. आमच्यापैकी एकाला बहुधा गावी परतावं लागेल. तो मी असलो, तर आधी शाळेत येऊन तुम्हाला भेटेन."