दौंडच्या आबांनी दिलेलं नाव

या सदरातले बहुतेक अनुभव वाचून मला हसू येतं. पिंपळावरची बाई काय, मागून येणारे पैंजण काय... भुतं तशीच आणि सांगणारेही तसेच! मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं. जे फळ्यावर सोडवून दाखवता येत नाही ते मी मानलं नाही, आजही मानत नाही. म्हणून हे लिहिताना माझी मलाच थोडी लाज वाटते आहे.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. शिरूरला – आम्ही सगळे घोडनदीच म्हणायचो – मी नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. घरी आई आणि एकोणीस वर्षांची बहीण कुसुम. पुण्याच्या एका वाचनालयात यहुदी लोकांच्या गूढविद्येवरची एक इंग्रजी पुस्तिका माझ्या हाती लागली. कब्बाला म्हणतात त्या विद्येला. देवानं जग अक्षरांतून घडवलं, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, आणि त्या अंत नसलेल्या देवापासून आपल्यापर्यंत दहा टप्पे! आकड्यांची ही थट्टा मला सहन होईना. ठरवलं, हे सगळं आधी नीट शिकायचं आणि मग लेख लिहून त्याची पिसं काढायची.

शिकवणारा सापडला दौंडला. रूबेनआबा, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी यहुदी. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, बायको वारलेली, स्टेशनजवळ दोन खोल्यांत एकटेच राहायचे. बोलणं तुमच्याआमच्यासारखं मराठी. शनिवारी चूल पेटवायचे नाहीत, एवढाच काय तो फरक. मी दर रविवारी एसटीनं जाऊ लागलो.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मास्तर, मी ह्यातला पंडित नव्हे. आजोबांनी जेवढं दिलं तेवढंच येतं. आणि ह्या विद्येला माणसानं चाळिशीनंतर हात लावावा म्हणतात."

"म्हणजे तोवर माणसाची बुद्धी पुरेशी मंद होते," मी म्हणालो.

आबा हसले. "आधी हिब्रू अक्षरं गिरवा. मग तोरा वाचा, आमचा धर्मग्रंथ, सरळ अर्थानं. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या दिवेलागणीला लागणारा आमचा विसाव्याचा दिवस, तो पाळणारं घर कसं चालतं ते बघा. गुपितं सगळ्यात शेवटी. शेवटाकडून सुरुवात करणारे फार येतात, पण ते टिकत नाहीत."

बरं बुवा! एकेक अक्षर पानभर गिरवून घ्यायचे. रेष जरा तिरकी गेली की पान उलटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. चार रविवारांत माझी पाच अक्षरं झाली. बिगरीतली पोरंही ह्याहून लवकर पुढे जात. परतीच्या गाडीत मी लेखातली खोचक वाक्यं मनात जुळवत बसायचो.

पाचव्या रविवारी गेलो तो सांगायलाच, की काही दिवस येणं जमणार नाही. कुसुमला मुदतीचा ताप होता, दुसरा आठवडा लागला होता.

आबांनी चष्मा काढला. "पोरीचं नाव काय?"

"कुसुम. का? आकड्यांत बसवून बघायचंय?"

आबा उठले. मला दारापर्यंत सोडायला आले.

बुधवारपासून कुसुम बरळायला लागली. गुरुवारी डॉक्टरांनी पुण्याहून नवी औषधं मागवली. शुक्रवारी सकाळी मला अंगणात घेऊन ते म्हणाले, "औषध सुरू केलंय. पण आईंना जवळच बसू द्या." त्याचा अर्थ मला कळला. आईला सांगायचं धाडस झालं नाही. मी शाळेतही गेलो नाही. नुसता पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिलो.

दिवेलागणीच्या जरा आधी, बाहेर चांगला उजेड असताना, कुसुमनं डोळे उघडले. उशाशी आई होती, मी होतो, आणि शेजारच्या अमीनाचाची. चाचींनीच गेले आठ दिवस आईला दोन घास खायला लावून उभं ठेवलं होतं.

"कुसुम, ए कुसुम," आईनं हाक मारली.

कुसुमनं तिच्याकडे बघितलं, पण ओ दिली नाही. आईनं पुन्हा हाक मारली. तेव्हा ती अगदी स्पष्ट म्हणाली, "कुसुम इथं नाही."

"मग तू कोण गं?"

"हाया."

तो 'ह' आपला नव्हता. खोल घशातून आलेला. अमीनाचाची एकदम सावरून बसल्या. कुसुमनं पाणी मागितलं, प्यायली आणि झोपली. पहाटे तिला घाम फुटला आणि ताप उतरला.

ताप औषधानं उतरला. याबद्दल मला शंका नाही, कुणी घेऊही नये. मी सांगतोय ते फक्त नावाबद्दल.

शनिवारी मी चाचींना खोदून खोदून विचारलं. तुमच्यात कुणाचं हे नाव आहे का? कुसुमनं तुमच्या घरी ऐकलं असेल?

"हया म्हंजी शरम, मास्तर. पर त्ये येगळं. आमच्या घरात ह्या नावाचं कुनी न्हाई. आन् तिचा त्यो 'ह' आमच्या नमाजातल्यावानी घशातनं आला. तिला कुनी शिकिवला?"

सोमवारी पोस्टकार्ड आलं. आबांचं, दौंडचं, शिक्का शुक्रवारचा. तीनच ओळी होत्या. 'मास्तर, आज शब्बाथ लागण्यापूर्वी तुमच्या बहिणीसाठी प्रार्थना करून तिचं नाव बदलणार आहे. आमच्यात तशी रीत आहे. नवं नाव हाया, म्हणजे जिवंत असलेली.'

मी शिक्का भिंगातून बघितला. तारीख पडताळली, पोस्टमनला उलटसुलट विचारलं. मला तो शब्द माहीत नव्हता. त्याचं पहिलं अक्षर हिब्रू वर्णमालेत आठवं, आणि मी पाचव्यावर अडलेलो. मग तो माझ्या तोंडून घरात कसा येणार?

कुसुम उठून बसू लागल्यावर मी दौंड गाठलं आणि आबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. तो पांढराफटक पडला.

"तिनं स्वतः सांगितलं? हेच नाव?"

"हेच. आता तुम्ही सांगा, कसं झालं हे?"

ते खाटेवर बसले. "मृत्यूचा दूत नाव घेऊन येतो, असं आमचे जुने लोक सांगायचे. त्या नावाचं माणूस सापडलं नाही तर तो परत जातो. म्हणून नाव बदलायचं. माझ्या बायकोसाठी, रिबेकासाठीही मी हेच केलं होतं, मास्तर. हेच शब्द, हेच नाव. ती दोन दिवसांत गेली." मग हळूच म्हणाले, "मला काही ठाऊक नाही. मला आत्ता भीती वाटते आहे."

मी वही उघडली. "सहावं अक्षर घ्या."

त्यांनी वही मिटली. "नाही. तुम्ही हसत होतात ते बरं होतं. चूक पकडायला का होईना, अक्षर नीट बघत होतात. आता प्रत्येक अक्षरापुढे हात पसराल."

मी चिडलो, अद्वातद्वा बोललो. ते ऐकून घेत राहिले. वर्षभरात ते मुलाकडे इस्राएलला गेले. माझा लेख राहिलाच.

मृत्यूच्या दूताचं ते बोलणं मी घरी कधीच काढलं नाही. फालतू गोष्टी आजारातून उठलेल्या मुलीच्या डोक्यात कशाला घालायच्या? कुसुमचं लग्न झालं, मुलं झाली. पुष्कळ वर्षांनी ती माहेरपणाला आली असताना भाजी निवडता निवडता मी सहज विचारलं, त्या तापातलं काही आठवतं का गं?

"थोडं आठवतं," ती म्हणाली. "खूप माणसं बसलेली होती. तुझ्या शाळेत हजेरी घेतात ना, तसं कुणीतरी एकेक नाव घेत होतं. ज्याचं नाव येईल तो उठून जायचा. मग कुसुम म्हणून पुकारा झाला. दोनदा झाला."

"मग?"

"मग काय? मी बसूनच राहिले. माझं नाव नव्हतं ते."